नित्याच्या प्रवासासाठी सायकलची निवड

देवळाली कॅम्प परिसराच्या संदर्भात काही व्यावहारिक सूचना

सायकल हे सर्वांच्या परिचयाचे वाहन आहे, आणि कदाचित त्यामुळेच तिच्या खरेदीचा फारसा विचार केला जात नाही. रंग, रूप आणि किंमत पाहून सायकल घरी आणली जाते. पुढे काही महिन्यांतच ती जिन्याखाली किंवा पडवीत धूळ खात पडलेली दिसते. अशा वेळी चालविणाऱ्याच्या आळसाला दोष दिला जातो. वस्तुतः जाण्याचा रस्ता, न्यावयाचे ओझे आणि दुरुस्तीची सोय यांचा मेळ न घालता सायकल निवडली गेली असेल, तर ती टिकून वापरली जाणे कठीणच असते. ज्याची रोजची हजेरी किंवा शिक्षण सायकलीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

परिसर आणि गरज

देवळाली कॅम्प ही नाशिक जिल्ह्यातील जुनी लष्करी छावणी असून सैन्याची तोफखाना प्रशिक्षण संस्था येथे आहे. कॅम्पातून लॅम रोडने विहितगावमार्गे नाशिकरोड सुमारे सहा-सात किलोमीटर पडते. तेथे रेल्वे स्थानक, बाजारपेठ, तसेच १९२५ मध्ये सुरू झालेले भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ चे चलार्थ पत्र मुद्रणालय आहे. दुसऱ्या बाजूस भगूर अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर आहे; तर नानेगाव, लहवित, शिंगवे बहुला ही गावे आसपासच्या टापूत वसलेली आहेत.

ताशी पंधरा किलोमीटर हा सायकलीचा आरामशीर वेग मानला, तर कॅम्पातून नाशिकरोड अर्ध्या तासाच्या आत गाठता येते आणि भगूर दहा-बारा मिनिटांत. भूभाग पठारी असल्याने छातीवर येणारे चढ नाहीत. मात्र पावसाळ्याचे महिने, हिवाळ्यातील लवकर पडणारा अंधार आणि अवजड वाहनांची ये-जा या तीन गोष्टी येथील सायकलस्वाराला नित्य सोसाव्या लागतात. सायकलीची निवड याच तीन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून व्हावयास हवी.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर या भागात सायकलीविषयी नवे कुतूहल निर्माण झाले, हे स्वागतार्हच आहे. परंतु शर्यतीची हलकी, अरुंद टायरची सायकल आणि डबा, दप्तर, भाजीची पिशवी घेऊन जाणारी सायकल यांची कामे वेगळी आहेत, हे विसरून चालणार नाही.

सांगाडा आणि माप

सायकल प्रथम अंगाला बसली पाहिजे. दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. तीमुळे गुडघ्यांवर अकारण ताण येतो आणि सायकल जड चालते असा समज होतो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांसाठी, तसेच वयस्कांसाठी आडवी दांडी नसलेला सांगाडा अधिक सोयीचा होय.

पुढील चाकावर किंवा सांगाड्यात स्प्रिंग बसविलेल्या स्वस्त सायकलींचे तरुणांना आकर्षण असते. डांबरी रस्त्यावर त्यांचा उपयोग अल्प; वजन मात्र वाढते आणि प्रत्येक पेडलमागे काही श्रम स्प्रिंग दाबण्यात खर्च होतात. तोच पैसा चांगले टायर, भक्कम कॅरिअर आणि दिवे यांवर खर्च करणे हिताचे ठरते.

टायर आणि सुटे भाग

रोजच्या सायकलीची खरी कसोटी तिचा भाग मोडल्यावर लागते. जुन्या काळ्या सायकलीचे महत्त्व येथे ध्यानात येते. सोनिपतची अॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांसारख्या कंपन्यांनी या सायकली देशभर पोचविल्या. अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरीही अशा सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या नाहीत. कारण त्यांची चेन, फ्रीव्हील, छर्रे आणि टायर ठरावीक मापांचे असून एका कंपनीचा भाग दुसरीच्या सायकलीला बहुधा चालतो. ज्या सायकलीचा भाग गावच्या दुकानात मिळतो आणि जी साध्या पान्ह्याने खोलता येते, ती दीर्घकाळ साथ देते.

टायर घेताना एका गोष्टीची विशेष दक्षता घ्यावी. केवळ ‘२६’ किंवा ‘२८’ एवढा आकडा पुरेसा नाही. २६ × १⅜ मापाचा टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. तर जाड नक्षीचा २६ × १.९५ टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर. काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरसाठी रिम ६३५ मिलिमीटरची असते; पण नव्या धर्तीच्या ७०० सी मापाच्या सायकलीस ६२२ मिलिमीटरची. टायरच्या कडेवर हा तीन अंकी आकडा बहुधा छापलेला असतो. तो जुन्या टायरवरून उतरवून घेऊनच दुकानात जावे. जाड नक्षीचे टायर चिखलात उपयोगी असले, तरी डांबरावर आवाज आणि श्रम दोन्ही वाढवितात. गावातील कच्चा आणि कॅम्पातील पक्का असा मिश्र रस्ता असेल, तर मध्यम रुंदीचा, मधोमध सपाट पट्टा असलेला टायर सोयीचा पडतो.

गिअरची आवश्यकता

गिअर म्हणजे नेमके काय, हे साध्या हिशेबाने समजते. पुढील चक्राला ४४ आणि मागील फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागील चाक सुमारे २.४ वेळा फिरते आणि २८ इंची सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारल्यास वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होतो. फ्रीव्हील २२ दातांची बसविल्यास तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी १६ किलोमीटरवर येतो. मात्र समोरचा वारा, ओझे किंवा लहानसा चढ यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. केवळ फ्रीव्हील बदलून आणि लागल्यास चेनला एखादी कडी जोडून होणारा हा बदल अल्प खर्चाचा आहे.

म्हणून कॅम्प, भगूर, नाशिकरोड एवढ्या परिघात फिरणाऱ्यास बिनगिअरची सायकल पुरेशी आहे. रोज नाशिक शहरापर्यंत, म्हणजे एका बाजूने पंधरा किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्यास मागे सहा-सात गिअर असलेली सायकल उपयोगी पडेल. पुढे तीन आणि मागे सात अशा एकवीस गिअरची हौस नित्याच्या प्रवासात क्वचितच कारणी लागते. वयोमानामुळे श्रम झेपत नसल्यास विजेवरील सायकलीचा विचार करता येईल. मोटारची शक्ती २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या अशा वाहनास सामान्यतः नोंदणी लागत नाही.

ब्रेक, दिवे आणि पावसाळा

लोखंडी रिम ओली झाली की रबरी गुटक्यांची पकड एकदम कमी होते. त्यामुळे पावसाळ्यात नेहमीपेक्षा बराच आधी, हलकेच ब्रेक दाबून रिमवरील पाणी पुसून घ्यावे आणि मग पूर्ण जोर द्यावा. नवी सायकल घेताना अॅल्युमिनियमची रिम निवडल्यास ओल्यातही पकड चांगली राहते. झिजलेले गुटके ही काही रुपयांची वस्तू आहे. ती बदलण्यात चालढकल करू नये.

दिव्याशिवाय जाणाऱ्या सायकलस्वाराला एके काळी पोलीस अडवीत असत. तो धाक आज उरला नाही. पण अंधार तोच आहे आणि वाहने कितीतरी वाढली आहेत. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, पेडल व चाके यांवर परावर्तक आणि फिकट रंगाचे कपडे एवढ्याने मागून येणाऱ्या चालकाला सायकल दुरूनच दिसते. सायकलस्वारासाठी शिरस्त्राण कायद्याने सक्तीचे नसले, तरी वर्दळीच्या रस्त्यावर ते वापरणे शहाणपणाचे आहे.

मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि घंटी या वस्तूंना शोभेच्या मानू नये. मडगार्ड नसलेल्या सायकलीवरून जुलै महिन्यात कामावर जाणारा माणूस चार दिवसांत पुन्हा रिक्षाकडे वळतो. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधावे. आठवड्यातून एकदा हवा पाहणे, पावसाळ्यात दर आठ दिवसांनी चेन पुसून तेलाचे थोडे थेंब देणे आणि वर्षातून एकदा छर्रे साफ करून ग्रीस भरणे एवढी निगा पुरेशी होते.

शाळा आणि ग्रामपंचायती

या विषयाची सार्वजनिक बाजूही महत्त्वाची आहे. बिहारमध्ये २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळांतील मुलींच्या पटनोंदणीत ३२ टक्के वाढ झाल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात येते. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. ती विद्यार्थिनीच्या बँक खात्यात जमा होत असल्याने सायकल कोणती घ्यावी, हे पालकच ठरवितात. अशा वेळी शिक्षकांचा आणि पंचायत सदस्यांचा दोन शब्दांचा सल्ला मोलाचा ठरतो.

सायकल ताब्यात घेताना चाके सरळ फिरतात काय, ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागतात काय, हँडल व सीट घट्ट आहेत काय, हे पाहावे. नव्या सायकलीच्या तारा पहिल्या महिनाभरात सैल पडतात. त्या वेळी चाकाची आउट काढून न घेतल्यास रिम कायमची वाकडी होते. शाळेत पंप, पान्हा आणि पंक्चरचे साहित्य ठेवले आणि मोठ्या मुला-मुलींना पंक्चर काढण्यास शिकविले, तर लहानशा बिघाडापायी बुडणारे दिवस वाचतील. सायकली उभ्या करण्यास छप्पर असलेली जागा करणे हेही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे.

सायकल घेण्यापूर्वी म्हणून तीन प्रश्न विचारावेत : रोजचा रस्ता कोणता, ओझे किती, आणि बिघडल्यास दुरुस्ती कोठे होणार? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर साधी सायकलही वर्षानुवर्षे सेवा देते.