संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतोय

प्रश्न : माझी आठ वर्षांची संत्र्याची बाग आहे. काही झाडांच्या बुंध्यातून डिंक गळतो, पाने पिवळी पडलीत. शेजारी म्हणतात, उन्हाचा ताण आहे, पाणी वाढवा. काय करू?
– एक बागायतदार, वरुड

उत्तर : भाऊ, पाणी अजिबात वाढवू नका. ही लक्षणे डिंक्याची आहेत. त्यामागची फायटोप्थोरा बुरशी ओल्या मातीतच फोफावते. दुहेरी आळे करून बुंधा कोरडा ठेवा. रोगट साल चाकूने खरवडून जाळून टाका आणि जखमेवर बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत मात्र भिजवू नका. पावसाळ्याआधी व नंतर निरोगी झाडांनाही मीटरभर उंचीपर्यंत हेच मलम लावा. साल चहूबाजूंनी कुजलेली नसेल, तर झाड सावरते. नवी कलमे रंगपूर लिंबाच्या खुंटावरचीच घ्या.