पंचबोलचा कडा किती दूर?

आमच्या रिसोडहून अमरावती-परतवाडा मार्गे चिखलदऱ्याला सहल गेली, की मुले आधी पंचबोलला धाव घेतात. दरीकडे तोंड करून हाक मारावी आणि समोरच्या डोंगरांनी ती पाच वेळा परत द्यावी, अशी या जागेची ख्याती आहे. मोजणाऱ्याला कधी तीनच ऐकू येतात. पण आपल्याला पहिलाच पुरेसा आहे. त्यावरून समोरचा कडा किती दूर आहे ते काढता येईल काय?

एकदा दोन विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून वेळ मोजला. एकाचा 1.4 सेकंद आला, दुसऱ्याचा 1.9. अंतरात तब्बल 86 मीटरांची तफावत! दोष घड्याळाचा नव्हे, बोटाचा. ऐकणे आणि कळ दाबणे यांत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो.

यावर एक युक्ती आहे. लाकडाचे दोन ठोकळे घ्या व एकसारखे ठोके द्या. प्रत्येक नवा ठोका आधीच्या ठोक्याच्या पहिल्या प्रतिध्वनीवर बरोबर पडेल अशी लय साधा. मग वीस ठोक्यांचा वेळ घ्या. पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नव्हे. इथे चांगले चांगले फसतात! समजा, 32 सेकंद लागले; तर एका फेरीला 1.6 सेकंद. बोटाची चूक आता वीस जणांत वाटली गेली, म्हणून अंतरातील चूक दोन मीटरांच्याही आत येते.

आता ध्वनीचा वेग. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच. हवा विरळ, तेव्हा ध्वनी सावकाश जाईल, असे उत्तर वर्गात हमखास येते. ते चूक आहे. तापमान तेच असेल तर हवेचा दाब आणि घनता एकाच प्रमाणात घटतात आणि वेग कायम राहतो. वेग बदलतो तो तापमानाने: 0 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 331 मीटर, पुढे दर अंशाला 0.6 मीटर अधिक. 20 अंशांना 343. ध्वनी जाऊन परत येतो, म्हणून 343 × 1.6 ÷ 2, म्हणजे सुमारे 274 मीटर. थर्मामीटर विसरून 331 धरलेत, तर 265 येतील.

काळ्या बेसाल्टचा उभा कडा आवाज चांगला परतवतो. झाडीचा उतार तो विखरून टाकतो.

हा प्रयोग मात्र पंचबोललाच करा, गुगामळ राष्ट्रीय उद्यानात नको. 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. तिथे चितळ-वानरांचे इशारे ऐकायचे असतात. वाघ कुठे आहे ते त्यांच्याच ओरडण्यावरून कळते.

परतताना गाविलगड पाहा. 15 डिसेंबर 1803 रोजी तो इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतला. तटावर बसून हा हिशेब करा: समोरच्या टेकडीवर तोफेचा जाळ दिसला आणि आवाज 4 सेकंदांनी आला, हवा 10 अंशांची. तोफ किती दूर?