परसातील कांदा आणि लसूण

आषाढ शुद्ध नवमीस महाराष्ट्रात कांदेनवमी म्हणतात. ज्या घरांत चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, त्या घरांत या दिवशी कांद्याची भजी व थालीपिठे होतात आणि मग चार महिने कांद्याचा निरोप घेतला जातो. ही रूढी ज्या वेळी येते, ती वेळ ध्यानात घेण्यासारखी आहे. आषाढात हवा दमट होते. उन्हाळ्यात साठवलेला कांदा सडू लागतो, त्यास कोंब फुटतात. कांदा पिकवणे ही एक विद्या आहे आणि तो टिकवणे ही दुसरी. पहिली पुष्कळांस येते. दुसरीकडे मात्र दुर्लक्ष होते.

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा प्रदेश. येथील शेतकऱ्याच्या घरी कापूस विकून पैसा येतो. परंतु जून महिना उजाडला की तो बियाणे आणि खते यांत खर्ची पडतो. नेमक्या त्याच दिवसांत आठवडी बाजारातून कांदा-लसूण विकत आणावा लागला, तर ओढगस्तीच्या संसाराला तो भार जाणवतो. घरामागे थोडी मोकळी जागा आणि विहिरीचे थोडे पाणी असले, तर हा भार सहज हलका करता येतो. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा एका वाफ्यात, ओळींत पंधरा आणि रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवल्यास, सुमारे दोनशे रोपे बसतात. एक कांदा पन्नास ग्रॅमचा धरला, तरी त्या वाफ्यातून दहा किलो कांदा मिळतो.

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत घेतात. पावसाळी आणि रांगडा कांदा फार दिवस राहत नाही. साठवणीस योग्य तो उन्हाळी कांदा. त्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात आणि सहा ते आठ आठवड्यांची रोपे वाफ्यांत लावतात. टिकाऊपणासाठी ‘एन-२-४-१’ ही जात शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे सिद्ध झालेली ‘भीमा किरण’ ही जातही साठवणीत चांगली राहते. काळ्या जमिनीत पाणी साचून राहते. म्हणून चांगले कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे करावेत.

लसणाला बी लागत नाही. गड्ड्यातील बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या निवडाव्यात. ऑक्टोबरात, थंडी पडण्यापूर्वी, टोक वर ठेवून त्या दोन सेंटिमीटर खोल लावाव्यात. एका पाकळीपासून एक गड्डा तयार होतो. गड्डा भरण्यास थंडी लागते. म्हणून लावणीस उशीर करू नये.

पीक जोमदार आले, की मनुष्यास घाई होते. समजा, एका आळीत दोन घरे आहेत आणि दोन्ही घरी सारखाच कांदा लावलेला आहे. पहिल्या घरी कांदा अधिक पोसावा म्हणून अखेरपर्यंत पाणी दिले, पात हिरवी असतानाच तो उपटला, पात कापली आणि त्याच दिवशी पोत्यात भरून ठेवला. दुसऱ्या घरी निम्म्या झाडांच्या माना पडेपर्यंत धीर धरला. काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडले. कांदा उपटल्यावर तो तीन-चार दिवस वाफ्यातच, एकाच्या पातीने दुसरा झाकला जाईल असा पसरला. नंतर तीन-चार सेंटिमीटर मान राखून पात कापली आणि दहा-बारा दिवस तो सावलीत सुकवला. वैशाखात दोन्ही घरचा कांदा सारखाच दिसतो. आषाढात पहिल्या घरी पोते उघडताच दुर्गंधी सुटते. दुसऱ्या घरी भाकरीबरोबर खणखणीत कांदा मिळतो.

हा फरक का पडतो? कांदा हा उपटल्यानंतरही जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्याचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ होत. त्यांत झाडाने अन्न साठवलेले असते. पात सुकत जाते तसतसे तिच्यातील सत्त्व खाली उतरते आणि मान आक्रसून बंद होते. मान हे कांद्याच्या घराचे दार आहे. पात हिरवी असताना कापली, तर दार उघडेच राहते आणि त्यातून बुरशी आत शिरते. पोत्यात वारा खेळत नाही. श्वासाने सुटलेला ओलावा तेथेच कोंडतो आणि सड पसरते.

म्हणून कांद्याला हवेशीर जागा हवी. परसातल्या चाळीसाठी मोठा खर्च लागत नाही. चार बल्ल्या रोवून जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर बांबूचा माच करावा, बाजूंना तुराट्यांचे विरळ कूड घालावेत आणि वर पाऊस आत येणार नाही असे छप्पर करावे. जाड मानेचे, जोड आणि डेंगळे आलेले कांदे टिकत नाहीत. ते वेगळे काढून आधी खावेत. कांद्याशेजारी बटाटे ठेवू नयेत. दर पंधरवड्यास ढीग तपासून सडका कांदा काढून टाकावा. लसणाची पात मात्र कापू नये. सावलीत सुकवून तिच्या जुड्या बांधाव्यात आणि त्या आढ्याला टांगाव्यात.

यवतमाळ जिल्ह्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास पावसाळा सुरू झालेला असतो आणि घरातील पैसा पेरणीत गुंतलेला असतो. अशा दिवशी ज्या घरच्या चाळीत कोरडा, घट्ट कांदा शिल्लक आहे, त्या घराने चैत्रात धरलेला धीर फळाला आला असे समजावे.

स्वाध्याय

१. साठवणीसाठी उन्हाळी कांदाच का निवडावा?
२. ‘मान हे कांद्याच्या घराचे दार आहे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. दोन घरांच्या उदाहरणातून कोणता बोध होतो, ते सात-आठ ओळींत लिहा.
४. घरी कांदा आणि लसूण कसे साठवतात, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व वर्गात सांगा.