काळूकाठचे कुरण : एक निसर्गपाठ

मुरबाड तालुक्यातून टिटवाळ्याकडे वाहत जाणाऱ्या काळू नदीच्या काठची गवताळ कुरणे म्हणजे भाद्रपदातील उघडी प्रयोगशाळाच होय. तेथे तेरडा व कुर्डू फुललेले असतात. पाणथळ जागी सीतेची आसवे आढळल्यास मुलांना थांबवावे. ही इवली वनस्पती मातीतील सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडते. काठच्या झाडावर सुगरणीचे लोंबते घरटे दिसले, तर ते गवताच्या धाग्यांनी नर विणतो, हे नजरेस आणावे.

दुसरी भेट आश्विनात द्यावी. तेरड्याचे पक्व बोंड बोट लागताच फुटून बी उडते. कुसळी गवताचे वाळके कुसळ ओले केल्यास त्याचा पीळ सुटून ते फिरू लागते. याच रीतीने त्याचे बी मातीत शिरते. हे दोन्ही प्रयोग मुलांनी स्वतः करावेत.

तेरडा एकवर्षायु आहे. बी पडण्यापूर्वीच दरवर्षी विळा फिरला, तर त्याची रोपे घटत जातात. गुरांसाठी गवत कापणे तर भागच असते. म्हणून मालकाच्या संमतीने एक कोपरा बी पडेपर्यंत राखावा, आणि पुढील पावसाळ्यात दोन्ही जागांतील रोपे मुलांकडून मोजून घ्यावीत. उत्तर कुरणच देईल.