आकड्याची राखण: मामाचे कानमंत्र

बाळ, काल अंबाडी नाक्यावर उतरून घरी आलीस आणि चहा निवेपर्यंत लॅपटॉपमधून मान वर केली नाहीस. तानसा तलावाचं मॉडेल ओपनमॉडेलिका या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. तानसेचं पाणी आपल्या वज्रेश्वरीवरून वाहतं, म्हणजे त्या पाण्याचा आकडा घरचाच. म्हणून आकडा मर्यादेबाहेर गेला की मॉडेलने इशारा कसा द्यावा, याच्या चार गोष्टी सांगतो.

१. व्हेरिएबल मांडलंस की त्याची किमान-कमाल मर्यादा तिथल्या तिथे लिही — बांध पेरणीआधी घालावा, पुरात नव्हे.

२. मर्यादेसमोर एकक लिही, आणि मोजणी कुठून धरली तेही. तानसा भरून वाहतो १२८.६३ मीटरला, पण ती पातळी आहे, खोली नव्हे. धरणाची भिंतसुद्धा तेवढी उंच नाही — तळापासूनच्या खोलीला हा आकडा लावलास, तर पाणी भिंतीवरून गेलं तरी इशारा येणार नाही. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान एककांच्या घोळातच हातचं गेलं.

३. मर्यादा दोन ठेव: एक सावध करणारी, एक मॉडेल थांबवणारी — तलाव काठोकाठ भरण्याआधीच नदीकाठच्या गावांना कळवतात ना, तसं.

४. इशारा १२८ ला सुरू होत असेल, तर बंद मात्र १२७.८ च्या खाली होऊ दे — नाहीतर लाटेसरशी तो लागत-विझत राहील आणि हजार ओळींत खरी ओळ बुडेल. रोज भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी कुणी कंदील लावत नाही.

५. संदेशात व्हेरिएबलचं नाव, किंमत आणि वेळ असू दे — ‘मर्यादा ओलांडली’ एवढंच वाचून रात्री दोन वाजता काय शोधणार?

६. अट ‘पातळी मर्यादेपेक्षा जास्त आहे का’ अशी विचारू नकोस. ‘पातळी मर्यादेत आहे ना’ अशी विचार. शून्याला शून्याने भागून आकडाच नासला, ‘नॅन’ झाला, की त्याच्याशी केलेली लहान-मोठ्याची प्रत्येक तुलना खोटी ठरते — पहिली अट गप्प बसते, दुसरी ओरडते. हे मला फार उशिरा कळलं, तू आजच गाठीला बांध.

७. आलेखावर विसंबू नकोस, कमाल किंमत मॉडेलमध्येच साठवत जा. पंप एकदम बंद झाला की पाइपात पाण्याचा धक्का बसतो. मी एका कामात दर सेकंदाचा एकच ठिपका काढला होता. धक्का दोन ठिपक्यांच्या मधे येऊन गेला, आलेख सपाट दिसला, आणि जागेवर पाइपाचा जोड निखळला — ठिपक्यांच्या मधेही पाणी वाहतच असतं.

८. सुरुवातीचे क्षण आकडे उड्या मारतात. तेवढ्यापुरती तपासणी उशिरा सुरू कर, पण ती वेळ लिहून ठेव — झोपवलेला राखणदार उठवायचा राहून जातो.

९. इशारा नको म्हणून मर्यादा सरकवू नकोस. सरकवावीच लागली तर तारीख आणि कारण शेजारी लिही — सहा महिन्यांनी विचारणारी तूच असशील.

आज झोपण्याआधी एवढं कर: पावसाचा आकडा दहापट करून मॉडेल चालव आणि इशारा येतो का बघ. नाही आला, तर मला उठव. दोघं मिळून शोधू.