भय कशाचे धरावे?

पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, मुंबई-बंगळूरु महामार्गालगत ताथवडे वसले आहे. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव आज विद्यालये, उंच इमारती आणि कारखान्यांत व संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे तरुण यांनी गजबजून गेले आहे. समुद्र येथून दूर; मध्ये सह्याद्री उभा. परंतु अंगी साहसाची आवड असली, की डोंगर आड येत नाहीत. समजा, येथील चार तरुणांनी लक्षद्वीपला जाऊन सागराचा तळ पाहण्याचा बेत केला. तो कानी पडताच घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हेच विचारतील, "अरे, पण तेथे शार्क असतात ना?"

होय, असतात. लक्षद्वीपची बेटे पोवळ्यांच्या खडकांनी बनलेली आहेत. बहुतेक ठिकाणी बेटाच्या एका अंगास उथळ, निळसर पाण्याचे सरोवर आणि त्याभोवती पोवळ्यांचा बांध अशी रचना दिसते. या बांधाच्या आसपास काळ्या टोकांच्या आणि पांढऱ्या टोकांच्या परांचे शार्क वावरतात. आपल्या कोकणातील कोळी ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात, त्याच कुळातले हे मासे. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीपासून हे कूळ पृथ्वीवर नांदत आहे. त्यांच्या शरीरात हाडे नसतात. सांगाडा कूर्चेचा असतो. पाचशेहून अधिक जातींपैकी माणसाला इजा करू शकतील अशा जाती मोजक्याच आहेत.

शार्कविषयीचे भय मोठे झाले ते पुस्तकांनी आणि चित्रपटांनी. पीटर बेंचली या अमेरिकन लेखकाने 1974 साली 'जॉज' ही कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला आणि जगभर शार्कची धास्ती पसरली. पुढे त्याच बेंचलीने आपले उर्वरित आयुष्य शार्कच्या रक्षणाचा प्रचार करण्यात वेचले. खरी स्थिती अशी आहे, की शार्कने आपण होऊन माणसाला चावा घेतल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाकाठी साठ-सत्तरच्या आसपास नोंदल्या जातात आणि त्यांतील मृत्यू सहसा दहाहून अधिक नसतात. उलट माणूस मात्र दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो. कोणी कोणाचे भय धरावे, हे यावरून उघड होते.

मग पाण्याखाली भय नाहीच काय? आहे, पण ते डोळ्यांना न दिसणारे आहे. ते आहे पाण्याच्या दाबाचे.

1943 साली फ्रान्समधील जाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याने आणि एमिल गान्याँ या अभियंत्याने एक श्वसनयंत्र तयार केले. पाठीवरच्या टाकीतील दाबून भरलेली हवा सभोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पाणबुड्याच्या तोंडाशी पोहोचविणे, हे त्याचे कार्य. टाकीत केवळ प्राणवायू असतो, हा समज चुकीचा आहे. सामान्यतः तीत साधी हवाच असते. समुद्रात दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, तर वीस मीटरांवर तिप्पट होतो. आता दहा मीटर खोलीवर छातीभर श्वास घेऊन, तो कोंडून धरून कोणी वर आला, तर ती हवा फुगून दुप्पट जागा मागेल आणि फुप्फुसाला इजा होईल. म्हणून श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम.

दुसरा नियमही तितकाच महत्त्वाचा. दाबाखाली श्वास घेत असता हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला, तर सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे त्याचे बुडबुडे शरीरातच होतात. सांधे असह्य दुखतात. प्रसंगी पक्षाघात होतो. जॉन हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके 1908 साली प्रसिद्ध केली. आजही पाणबुडे पृष्ठभागाखाली पाच मीटरांवर सुमारे तीन मिनिटे थांबून मगच वर येतात.

यावरून ताथवड्याच्या तरुणांनी बेत कसा आखावा, हे कळून येते. बेत परतीपासून आखावा. एकच बुडी मारली असल्यास विमानात बसण्यापूर्वी किमान बारा तास आणि अनेक बुड्या मारल्या असल्यास किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात. कारण उंचावर हवेचा दाब आणखी कमी होतो. तेव्हा सहलीचा अखेरचा दिवस जमिनीवरच घालवावा. जहाजाने कोचीस परतल्यास चौदा ते अठरा तास समुद्रावर जातात आणि ही विश्रांती बरीचशी आपोआप घडते. ही सावधगिरी विमानापुरतीच नाही. मालवणला बुडी मारून लगेच आंबोलीचा घाट चढणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, की तो घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे.

परतीचा विचार झाला, की पूर्वतयारी. प्रथम वैद्यकीय तपासणी. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे लपवून ठेवणे म्हणजे आत्मघातच. मग तरणतलावात श्वसनयंत्राचा सराव. त्यानंतर समुद्राची ओळख करून घेण्यास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने मालवणजवळ तारकर्ली येथे उभारलेल्या प्रशिक्षण संस्थेसारखे ठिकाण आहे. प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यासही अठरा मीटरांपलीकडे जाण्याची मुभा नसते. लक्षद्वीपला जाण्यास प्रवेश-परवाना लागतो; त्यासाठी आगाऊ अर्ज करावा. पावसाळा टाळावा. उपचाराचा दाबकक्ष प्रत्येक बेटावर नसतो. जवळचा कोठे आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. आणि जोडीदारावाचून कोणीही पाण्यात उतरू नये.

एवढी सिद्धता करून जो पाण्यात उतरेल, त्याला शार्क दिसला तर ते भाग्यच समजावे. त्याचा पाठलाग करू नये, त्यास हात लावू नये, खाद्य दाखवू नये; शांत राहून अंतर राखावे. पोवळ्यांवर पाय ठेवू नये. शार्क उशिरा वयात येतो आणि त्याला पिले थोडी होतात. म्हणून एकदा घटलेली त्याची संख्या लवकर भरून येत नाही. हे जाणून भारत सरकारने 2001 साली बारा मीटरांहून अधिक वाढणाऱ्या, पण सूक्ष्म जीवांवर जगणाऱ्या व्हेल शार्कला कायद्याचे संरक्षण दिले आणि 2015 साली शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली.

भित्रा मनुष्य किनाऱ्यावरच राहतो आणि अविचारी मनुष्य नियम मोडून पाण्यात उडी घेतो. सागर पाहता येतो तो या दोघांहून निराळ्या मनुष्यास. भय कशाचे धरावे हे त्याने अभ्यासाने जाणलेले असते, आणि घरी परत येण्याची व्यवस्था करूनच तो निघालेला असतो. साहस म्हणतात ते यालाच.

अभ्यास

१. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नास लेखात कोणते उत्तर दिले आहे?
२. सोड्याच्या बाटलीचे उदाहरण कोणती गोष्ट समजावण्यासाठी दिले आहे?
३. 'बेत परतीपासून आखावा' असे का म्हटले आहे?
४. भित्रा, अविचारी आणि साहसी यांतील भेद तुमच्या माहितीतील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.