व्हेल शार्क आणि मच्छीमारांच्या नोंदी

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहत गेलेली नर्मदा भडोचच्या पुढे खंबायतच्या आखातास मिळते. त्या आखातापलीकडे, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, व्हेल शार्क या जगातील सर्वांत मोठ्या माशाची एकेकाळी सर्रास शिकार होई. पाणी मुरू नये म्हणून त्याच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडीत. २००१ साली कायद्याने या शिकारीस बंदी झाली. पण जाळ्यात चुकून सापडलेल्या माशाचे काय? पुष्कळदा जाळे कापल्यावाचून तो सुटत नाही, आणि जाळे म्हणजे तर मच्छीमाराचे भांडवल. महाराष्ट्रात २०१८ पासून संरक्षित प्राण्यास सोडून देणाऱ्याला जाळ्याची भरपाई देण्याची योजना आहे. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र दाखवावे लागते. भरपाईसाठी काढलेले हे चित्र संशोधकाच्याही उपयोगी पडू शकते. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी निराळी असते. कल्ल्यांमागील भाग स्पष्ट टिपलेला असल्यास तोच मासा पुढे पुन्हा ओळखता येतो. अर्थात, अशा नोंदींवरून मासा जाळ्यात कोठे अडकतो एवढेच कळते. जेथे जाळी पडत नाहीत, तेथील समुद्राविषयी त्या काहीच सांगत नाहीत. आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नोंदीही थांबतात.